क्लासिकल गिटारच्या तारा उंच झाल्यात, की खाली येऊन घासतायत? सॅडल काढण्याआधी हे तपासा

दरवर्षी जूनच्या शेवटी माझ्या फोनवर एकाच मजकुराचे निरोप यायला लागतात. ‘सर, तारा वर आल्यात, बोटं दुखतात.’ मार्च-एप्रिलमध्ये यातलीच काही मंडळी लिहितात, ‘सर, सहावी तार खरखरते.’ गिटार तीच, घर तेच, वाजवणारा तोच. मी ठाण्यात शनिवार-रविवार क्लासिकल गिटार शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या गिटारची ही छोटी दुरुस्ती गेली पंधरा-सोळा वर्षं मीच करत आलोय. मी वाद्य बनवणारा कारागीर नाही. माझं काम कुठे संपतं हेही खाली लिहिलंय.

हे सगळं नायलॉन तारांच्या गिटारबद्दल आहे. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारला यातली मापं लावू नका.

आधी लक्षणं

तक्रार ‘ॲक्शन हाय आहे’ (म्हणजे तारा फ्रेटपासून फार उंच आहेत) एवढीच असते, पण दुखणं कुठे आहे हे लक्षण नीट बघितलं की निम्मं कळतं.

पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एफचा बार, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं, धरताना जीव जातो, पण तोच बार पाचव्या फ्रेटवर सहज बसतो: संशय नटवर (खुंट्यांकडची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी).

खाली सगळं ठीक, पण पाचव्या-सातव्या फ्रेटपासून पुढे तार दाबायला जड जात जाते: सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) उंच, किंवा गिटारचं पोट (तारांखालची पुढची फळी) फुगलंय, किंवा मान पुढे वाकलीय.

मोकळी तार खरखरते, पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं की आवाज स्वच्छ: त्या तारेची नटमधली खाच खोल गेलीय.

एकाच तारेवर, एकाच फ्रेटवर खरखर: बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय.

बऱ्याच तारा, बरेच फ्रेट, सगळीकडे खरखर: तारा खाली आल्यात, किंवा मान उलटी वाकलीय.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागतो: तारा फार उंच, किंवा जुन्या झाल्यात.

आणि एक विचित्र प्रकार. फ्रेट कुठलाही असो, एक ठरावीक सूर वाजला की कुठेतरी काहीतरी झणझणतं. याचा ॲक्शनशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

या झणझणण्यापासूनच सुरुवात करू. ब्रिजला (पोटावर चिकटवलेला, सॅडल धरून ठेवणारा लाकडी तुकडा) तार बांधल्यावर जे शेपूट उरतं ते वाकून गिटारच्या पोटाला टेकलंय का बघा. जाड तारांची शेपटं वरून तारेने गुंडाळलेली असतात, ती लाकडावर थरथरली की अगदी फ्रेट घासल्यासारखा आवाज येतो. नेलकटर घ्या, शेपूट कापा, काम झालं. मग खुंट्यांचे स्क्रू हलके आवळा. एका मुलीची गिटार मी अर्धा तास उलटीसुलटी केली होती. शेवटी झणझणत होतं तिच्या शर्टाचं बटण, गिटारच्या पाठीला टेकलेलं.

मग ब्रिजवरची गाठ. तार सॅडलवरून उतरून ब्रिजच्या भोकात शिरताना तिला चांगला उतार मिळायला हवा. गाठीचा फेरा वरच्या बाजूला आला असेल तर तो तारेला वर उचलून धरतो, उतार कमी होतो, तार सॅडलवर घट्ट बसत नाही आणि सतारीसारखी बोलायला लागते. तंबोऱ्याला जवारी लावून घ्यायला आपण मिरजेपर्यंत जातो, आणि इथे तीच जवारी घालवण्यासाठी धडपडतो! सॅडलच्या माथ्यावर जाड तारांनी खाचा पाडल्या असतील तरीही हाच आवाज येतो. प्लॅस्टिकच्या सॅडलवर त्या लवकर पडतात.

सूर तपासा. हे सांगायलाही संकोच वाटतो, पण एका विद्यार्थ्याने गाणाऱ्या बहिणीच्या पट्टीसाठी गिटार सबंध एक सूर वर लावून ठेवली होती आणि ‘तारा फार ताठ झाल्यात’ म्हणून माझ्याकडे घेऊन आला होता. त्याऐवजी कापो (मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) लावा. पाचवी तार ११० हर्ट्झचा ए आहे की नाही हे फोनवरच्या ट्यूनरने एकदा पाहून घ्या. ओढ वाढली की मान आणि पोट दोन्ही वर येतात, म्हणून चुकीच्या सुरात घेतलेलं कुठलंही माप फुकट जातं.

आणि तारा कसल्या आहेत? गल्लीतल्या दुकानात ‘गिटारची तार’ मागितली की स्टीलची मिळते, आणि ती क्लासिकल गिटारला बांधताही येते. हे करू नका. नायलॉनच्या सहा तारांची एकूण ओढ साधारण ३८ ते ४२ किलो असते. स्टीलच्या हलक्या संचाची सत्तर किलोच्या आसपास जाते. क्लासिकल गिटारचं पोट पातळ असतं, आतल्या पट्ट्या बारीक असतात आणि ब्रिज फक्त सरसावर चिकटलेला असतो. आधी ॲक्शन वर येते, मग एखाद्या दुपारी ब्रिजच सुटून येतो. स्टीलच्या तारा दिसल्या तर आज संध्याकाळीच सैल करून काढा, बाकीच्या तपासण्या नंतर. नायलॉनमध्येसुद्धा ‘हाय टेन्शन’चा संच असेल तर ‘नॉर्मल’ लावून बघा. फरक दोन-तीन किलोचाच असतो, पण हाताला कळतो. नवी तार बसायला चार-पाच दिवस घेते, तोवर निकाल देऊ नका.

मोजा

‘उंच वाटते’ हे माप नव्हे. क्लासिकल गिटारवर नटपासून सॅडलपर्यंतची लांबी बहुधा ६५० मिलिमीटर असते आणि बारावा फ्रेट बरोबर त्याच्या मध्यावर. तिथे फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजायची. सर्वसाधारण मान्य माप सहाव्या तारेखाली ४ मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली ३. मऊ हाताने वाजवणाऱ्याला ३.५ आणि २.८ चालतं. फ्लामेंको (स्पेनमधली एक शैली) वाजवणारे त्याहूनही खाली जातात, कारण त्यांना थोडी खरखर हवीच असते. जाड तारेला जास्त उंची लागते ती तिचा झोका मोठा असतो म्हणून.

शाळेची पट्टी वापरू नका, तिचा शून्य कडेपासून सुरू होत नाही. माझी युक्ती हार्डवेअरच्या दुकानातली: ३ आणि ४ मिलिमीटरचे दोन ड्रिल बिट. बाराव्या फ्रेटवर बिटचा गुळगुळीत दांडा आडवा ठेवून तारेखाली सरकवा. ४ चा बिट सहाव्या तारेला जेमतेम स्पर्श करत गेला तर तुमची गिटार ठीक आहे. तार उचलली जात असेल तर उंची कमी आहे. खाली मोकळी फट राहत असेल तर जास्त. आणखी ३.५ आणि ४.५ चे घेतलेत तर चार बिटांत सगळं भागतं. गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरूनच मोजा. पलंगावर उताणी ठेवली की मानेवर भार येतो आणि माप किंचित बदलतं.

माप वहीत लिहा. तारखेसकट. पुढचा सगळा खेळ या तारखेवर आहे.

आता थांबा, निदान दहा दिवस

हा भाग सगळे गाळतात. मीही गाळला होता.

गिटारचं पोट म्हणजे स्प्रूस किंवा सीडरची दोन-अडीच मिलिमीटर जाडीची फळी. लाकूड दमट हवेत पाणी पितं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. कडा चिकटवलेल्या असल्यामुळे फळीला बाजूला पसरता येत नाही, मग ती वर उचलली जाते, आणि तिच्यावर बसलेला ब्रिजही. कोरड्या हवेत उलट: पोट खाली बसतं, तारा खाली येतात, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचायला लागतात. वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत मुंबई-ठाण्याची हवा ८० च्या वर असते, आणि एप्रिलच्या दुपारी पुण्यात किंवा मे महिन्यात नागपुरात ती त्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

माझ्या स्वतःच्या गिटारची गोष्ट. पहिल्याच वर्षी जुलैत सहाव्या तारेखाली पावणेपाच मिलिमीटर भरले. मी उत्साहात सॅडल घासून ३.८ वर आणलं आणि आठवडाभर मिरवलं. फेब्रुवारीत पोट खाली बसलं आणि पहिल्या पाच फ्रेटवर एकही जाड तार स्वच्छ बोलेना. नवं सॅडल करावं लागलं. घासलेलं हाड परत येत नाही.

म्हणून पावसाळ्यात तारा वर आल्या तर आधी गिटार पेटीत ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन चांगल्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका (तीन-चारशे रुपयांत डिजिटल मिळतो). भिंतीवर टांगलेली गिटार दिसायला छान, पण जुलैत नको, त्यातून बाहेरच्या भिंतीवर तर नकोच. निळे सिलिकाचे दाणे गुलाबी झाले की ते भरले, बदला. दहा दिवसांनी आकडा साठच्या खाली आला की पुन्हा मोजा. माझ्याकडे येणाऱ्या जूनच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. हेअर ड्रायर, दिवा, ऊन यांनी ‘सुकवायला’ जाऊ नका, फळी फाटते.

मान सरळ आहे का

सहावी तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने आणि बाराव्या फ्रेटवर उजव्या हाताच्या करंगळीने दाबून धरा. ताणलेली तार म्हणजे सगळ्यात सरळ पट्टी. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फट बघा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. एक ते तीन कागद मावले तर मान उत्तम. काटेकोर हवं असेल तर गॅरेजवाले टॅपेट सेटिंगला वापरतात तो फिलर गेज घ्या.

फट अजिबातच नसेल आणि तार मधल्या फ्रेटला टेकत असेल तर मान उलटी वाकलीय किंवा फ्रेटबोर्डला मध्ये उंचवटा आलाय. पाच-सहा कागद सहज जात असतील तर ती पुढे ओढली गेलीय. दोन्हींत सॅडल घासून उपयोग नाही, आणि म्हणूनच ही तपासणी सॅडलच्या आधी. बऱ्याच क्लासिकल गिटारच्या मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करायची आतली लोखंडी सळई) नसतोच. काही नव्या गिटारमध्ये असतो, आवाजाच्या भोकातून आत बोल्टचं तोंड दिसतं. पहिल्यांदाच करत असाल तर तो फिरवू नका, कारागिराकडे न्या. ट्रस रॉड नसलेली मान वाकली असेल तर हलक्या ओढीच्या तारा लावणं एवढंच घरी करण्यासारखं आहे.

सॅडल

इथवर सगळं ठीक निघालं, हवामान निवळलं, आणि तरीही सहाव्या तारेखाली ४.६ आणि पहिलीखाली ३.५ भरतंय, तर आता सॅडल.

हिशोब सोपा. बारावा फ्रेट मध्यावर असल्यामुळे सॅडल जितकं खाली जाईल त्याच्या निम्मं तिथे कमी होतं. ०.६ कमी हवं तर सॅडलच्या जाड तारांकडच्या बाजूने १.२ काढायचं, पातळ तारांकडच्या बाजूला ०.५ साठी १.०. पण त्याआधी बघा: ब्रिजच्या लाकडावर सॅडल किती डोकावतंय? काढल्यानंतर निदान २ मिलिमीटर उरायला हवं. नाही उरलं तर तारेचा उतार जातो, आवाज बसतो, आणि मग दोष सॅडलचा नसून मानेच्या कोनाचा असतो. तिथे थांबा.

तारा एवढ्या सैल करा की बाजूला सारता येतील. ब्रिजखाली जुना रुमाल अंथरा, पोटावर ओरखडा पडला तर तो जन्मभर दिसतो. सॅडल चिकटवलेलं नसतं. पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून हलकेच वर ओढा. येत नसेल तर जोर करू नका. काढताना सहाव्या तारेच्या टोकाला पेन्सिलने खूण करा. मी एकदा ते उलटं बसवून पहिल्या तारेखाली ४ आणि सहावीखाली ३ अशी अजब गिटार तयार केली होती आणि दहा मिनिटं मला कळलं नव्हतं.

घासायचं ते खालच्या बाजूने. वरच्या माथ्याला आकार आणि उतार दिलेला असतो, त्याला हात नाही. काढायचा भाग पेन्सिलने रेषा मारून दाखवा. दोन टोकांना माप वेगळं असल्यामुळे ही रेषा किंचित तिरकी येईल. १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर चिकटवा. काच नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा उत्तम, घरच्यांना विचारून. सॅडल एका चौकोनी ठोकळ्याला टेकवून उभं धरा आणि एकाच दिशेने ओढा. मागे-पुढे केलं की हात नकळत डोलतो आणि तळ होडीसारखा गोल होतो. तळ गोल झाला तर मधल्या तारा एक बोलतात आणि कडेच्या दुसरंच; गिटारला सॅडलखाली पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारी पट्टी) असेल तर एखादी तार स्पीकरमधून गायबच होते. तपासायला तळावर पेन्सिलने आडव्या रेघा मारा आणि दोनदा हलकं घासा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या तर तळ सपाट आहे. सॅडल हाडाचं असेल तर तोंडाला मास्क लावा. दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालू असताना येतो तसा वास येतो, आणि ती पूड छातीत जायला नको.

१.२ काढायचं असेल तर ०.८ वर थांबा. बसवा, तारा सुरात आणा, तासभर ठेवा, मोजा. मग उरलेलं. शेवटचा हात ४०० च्या कागदावर.

जास्त निघालं तर? व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी तळाशी पाचर म्हणून चालते, पण तात्पुरती. नवं हाडाचं सॅडल करून घेणं बरं. मी आता दोन सॅडल ठेवतो, एक पावसाळी, एक उन्हाळी. पावसाळी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने बुटकं. जूनच्या शेवटी एक काढायचं, दिवाळीच्या सुमारास दुसरं घालायचं. दोन्हींच्या टोकाला पेन्सिलने ‘पा’ आणि ‘उ’ लिहिलंय आणि जे वापरात नसतं ते ट्यूनरच्या डबीत असतं.

नट, जिथे माझा हात आखडतो

पहिल्या फ्रेटवर जड जातं म्हणून सॅडल घासणारे भेटतात. सॅडल १ मिलिमीटर कमी केलं तर बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर फरक पडतो, पहिल्या फ्रेटवर मात्र ०.०६. केसाएवढा. म्हणजे बोटं तितकीच दुखणार आणि वरच्या फ्रेटवर खरखर नवी.

तपासणी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तारेखाली केसभर फट हवी, तार वरून टिचकी मारली की बारीक ‘टिक’ ऐकू यावी. फट ठळक दिसत असेल तर नट उंच. टिकच नसेल तर खाच खोल गेलीय. तारेखाली कागदाचा कपटा घालून बघा, खरखर थांबली तर निदान पक्कं. खोल खाचेत खाण्याचा सोडा भरून फेविक्विकचा थेंब टाकण्याचा उपाय चालतो, पण जमला नाही तर थेंब फ्रेटबोर्डवर ओघळतो. उंच नटच्या खाचा खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, उतार खुंट्यांकडे द्यावा लागतो, आणि चूक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात होते. मी स्वतः करत नाही. देऊन टाकतो.

इथे थांबा

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय: तारा लगेच सैल करा आणि कारागिराकडे न्या, एक दिवसही वाजवू नका. ब्रिजच्या मागे पोट डोळ्यांना दिसेल इतकं फुगलंय आणि कोरड्या दिवसांतही खाली बसत नाही: आतली पट्टी सुटलेली असू शकते. मान जिथे धडाला मिळते तिथे चीर दिसते. फ्रेट वर आलाय. सॅडल आधीच ब्रिजच्या लाकडाच्या पातळीला आलंय आणि तारा तरी उंचच. यातलं काहीही घरी, फेव्हिकॉलने, शेजारच्या सुताराकडून करू नका. सुतार कुशल असेल, पण त्याला पाच मिलिमीटर चालतात.

कारागीर कसा ओळखायचा? त्याला विचारा, ‘बाराव्या फ्रेटवर किती ठेवाल?’ तो मिलिमीटरमध्ये बोलला आणि उलट तुम्हालाच ‘घर कुठे, एसी आहे का, हात जड आहे का’ विचारायला लागला तर गिटार ठेवून या. ‘एकदम लो करून देतो’ म्हणाला तर घेऊन परत या. गिटारच्या किमतीहून दुरुस्ती महाग पडत असेल तर बरा कारागीर तेही आधीच सांगतो. आणि काम झाल्यावर जुनं सॅडल मागून घ्या.